सहावा मुद्दा

टिपणीस गेल्याची बातमी मला तीन आठवडे उशिरा कळली, आणि तीही बाळू शिर्केंकडून. रास अल खैमातल्या आमच्या सिमेंट कारखान्यात दुपारच्या जेवणाची वेळ होती. मी डबा उघडत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, पण आवाज ओळखला. "भागवतसाहेब काय? मी बाळू. शारजाचा, भाकरीवाला. टिपणीससाहेब गेले हो... तीन आठवडे झाले. वहिनी म्हणाल्या, भागवतांना कोणी कळवलंय का बघ." कोणी कळवलं नव्हतं. आमच्याकडे अशा बातम्यांसाठी मराठी मंडळाची एक फोन-यादी असे. पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, की तासाभरात दुबई-शारजातल्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचलेली असायची. ती यादी मी तयार केली होती. पुढे तिच्या दोन याद्या झाल्या, त्याही मीच केल्या. टिपणीस पहिल्या यादीत राहिले, मी दुसरीत गेलो, आणि दुसरी यादी दोन वर्षांत मोडीत निघाली. त्यामुळे ही बातमी माझ्यापर्यंत येण्याचा रस्ता मी स्वतःच बंद करून ठेवला होता. डबा तसाच झाकून ठेवला.

अरविंद टिपणीस हे नाव या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्यात परचेसमध्ये नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "भागवत, इथे तीन गोष्टी लगेच शिकून घ्या. अरबाबासमोर, म्हणजे मालकासमोर, घाई करायची नाही, उन्हात गाडी लावायची नाही, आणि शुक्रवारी सकाळी दहाला आमच्याकडे यायचं." पहिल्या दोन गोष्टी मला कधीच नीट जमल्या नाहीत. तिसरी मात्र जमली. पुढची तीन वर्षं मी, माझी बायको नीला आणि आमची केतकी, असे तिघं बहुतेक प्रत्येक शुक्रवारी शारजाच्या रोल्ला भागातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असायचो. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींचे पोहे व्हायचे, मग सुलेमानी चहा, आणि मग टिपणीस अमेरिकेचं यादवी युद्ध सांगायला बसायचे.

हो, अमेरिकेचं. कोणी विचारलं की पेशव्यांचं का नाही, तर ते म्हणत, "ते तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त चुकीचं जाणता." त्यांच्या कारखान्यातला एक अमेरिकन इंजिनियर देश सोडून जाताना तीन जाडजूड ग्रंथ त्यांच्या टेबलावर ठेवून गेला होता. टिपणीसांनी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, एकदा नाही, तीनदा. वाचता वाचता त्यांच्या हाताला स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी नकाशे काढायला घेतले. खाली एका मोठ्या जाड कागदावर त्या देशाची सगळी राज्यं, नद्या, रेल्वे. आणि वर ट्रेसिंग पेपरची एकेक पारदर्शक पट्टी. एका पट्टीवर एक महिना. युद्धाचा नवा महिना आला की नवी पट्टी आधीच्यावर पसरायची, आणि सैन्यं कुठून कुठे सरकली ते खालच्या फिकट रेघांवरून दिसायचं. सेनापतींची नावं ते घेत नसत. "नावं पुस्तकात वाचा. मी रस्ते सांगतो," म्हणत. त्यांच्या सांगण्यात फक्त उत्तर आणि दक्षिण असे, चिखल असे, बूट फाटलेली माणसं असत.

दोन नियम होते. पुढचं विचारायचं नाही, आणि खाली मशिदीत जुम्म्याची अजान झाली की तिथेच थांबायचं. लढाई कितीही रंगात आलेली असो, अजान झाली की ते पट्ट्या गोळा करून गुंडाळी करत आणि म्हणत, "खलास. पुढचं पुढच्या शुक्रवारी." केतकी तेव्हा दहा वर्षांची होती. ती जमिनीवर पालथी पडून नकाशावर नाक टेकवून ऐकायची, आणि थांबले की पाय आपटायची. "अंकल, दॅट्स नॉट फेअर. डिड दे क्रॉस द रिव्हर ऑर नॉट?" टिपणीस गंभीरपणे सांगत, "त्यांनाही आठवडाभर कळलं नव्हतं. तूही थांब." आमच्या घरी आठवडाभर त्या नदीची चर्चा चालायची. मीही तोंडाने चेष्टा करत असलो तरी ऑफिसात कोटेशन तपासताना मध्येच मला ती नदी आठवायची.

एक शुक्रवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजलो होतो. दक्षिणेकडची राज्यं एकेक करून देशातून फुटून निघाली, तो भाग चालला होता. मी कुठेतरी वाचलेलं फेकलं, की मुळात प्रश्न राज्यांच्या अधिकारांचा होता, गुलामगिरी हे नंतर चिकटवलेलं कारण. टिपणीसांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अधिकार कशाचा, भागवत?" मी म्हटलं, आपापला कारभार करण्याचा. "कसला कारभार?" मग त्यांनी एका ग्रंथातली खूण घातलेली पानं काढली. फुटणाऱ्या राज्यांपैकी काहींनी आपण का फुटतोय याचे जाहीरनामे काढले होते, आणि त्यांत गुलामगिरीचं नाव लाजत, आडून नव्हतं, उघड आणि अभिमानाने होतं. ते त्यांनी आम्हांला मराठीत करून वाचून दाखवलं. सुमनवहिनी पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणाल्या, "बाई गं, असं लिहून ठेवलं?" टिपणीस म्हणाले, "लिहून ठेवलं म्हणून तर आज कळतंय." नंतर त्यांनी केतकीला नकाशावर खंदकांच्या रेघा दाखवल्या आणि विचारलं, हे खणले कोणी असतील? तिने अर्थातच सोल्जर्स म्हटलं. "बरेचसे गुलामांनी. त्यांच्याच गुलामीसाठी चाललेल्या लढाईत खंदकही त्यांनी खणायचे, आणि छावणीत भाकऱ्याही त्यांनीच भाजायच्या." केतकी त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

आता भाकऱ्यांवर आलोच आहे तर बाळू शिर्केंचं सांगायला हवं. बाळू महाडकडचे. टिपणीसांच्या कारखान्यात फिटर, राहायला औद्योगिक क्षेत्रातल्या कॅम्पवर, एका खोलीत आठ जण. वय चाळिशीच्या पुढे, गावाला बायको आणि तीन मुली. तरी आमच्या भाषेत ते बॅचलर. आखातात ज्याची बायको सोबत नाही तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात. भाड्याच्या पाट्यांवर 'बॅचलर्स चालणार नाहीत' असं लिहिलेलं असे आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नसे. दुबईच्या आपल्या मंडळाची दर जानेवारीत संक्रांतीची सहल असायची. एखाद्या बागेत दोनशे-अडीचशे माणसं जमायची, आणि जेवण असायचं बाळू आणि त्यांच्या कॅम्पवरच्या सहा जणांच्या हातचं. पिठलं, तांदळाच्या भाकऱ्या, ठेचा, वाटाण्याचा रस्सा. सकाळी सहाला पिकअपमधून शेगड्या उतरवायच्या, सतरंज्या अंथरायच्या, दुपारी बारापर्यंत भाकऱ्या थापत राहायच्या. सगळ्यांची पंगत उठली की ते बसायचे. मंडळाच्या घटनेप्रमाणे ते आमच्याइतकेच सभासद होते, पण वाढायला कोण आणि बसायला कोण हे घटनेत लिहिलेलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना न सांगता कळत होतं.

त्या वर्षी जेवणानंतर बायकांचे उखाणे चालले होते. बाळू आणि मंडळी मागच्या सतरंजीवर येऊन बसली आणि अगदी मनापासून हसली, टाळ्या वाजवल्या. एवढंच घडलं. परतताना गाड्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. अमक्यांच्या मिसेसना ऑकवर्ड वाटलं. तमक्यांच्या मुली मोठ्या होतायत. "हे कॅम्पवाले टक लावून बघतात हो," असं कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. दुबईच्या कमिटीकडे मागणी गेली, की सहल फॅमिलीज ओन्ली करा. कमिटीने सरळ नाही म्हटलं. मग शारजाच्या पंचवीस-तीस घरांनी ठरवलं, आपलं वेगळं मंडळ काढू. पुढाकार माझा होता. आता खरं सांगायला हरकत नाही... मला बाळूंच्या हसण्याचा काडीचाही त्रास झाला नव्हता. आदल्या वर्षी मी मंडळाच्या सेक्रेटरीपदाला उभा राहून पडलो होतो, आणि मला कुठेतरी सेक्रेटरी व्हायचं होतं. लोकांच्या मनातली घाण मला आयती मिळाली आणि मी तिच्यावर मांडव घातला.

वेगळं होण्याचं रीतसर पत्र मी लिहिलं. पाच मुद्दे होते. दुबईचं अंतर. शुक्रवारचा ट्रॅफिक. पार्किंग. मुलांच्या मराठी वर्गासाठी जवळची जागा. वर्गणीतला शारजाचा वाटा. भाषा अशी गुळगुळीत, की वाचणाऱ्याचा हात घसरावा. आता हे पत्र चांगल्या अक्षरात हवं, आणि रोल्लातल्या टायपिंग सेंटरांत अरबी, इंग्रजी, हिंदी सगळं मिळे, मराठी मिळत नसे. टिपणीसांइतकं सुंदर अक्षर साऱ्या शारजात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ड्रॉइंगच्या खाली ते पेन्सिलीच्या बारीक दोन समांतर रेघा मारत आणि त्यांच्यामध्ये अक्षरं ओवत जात. मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. सही करतील अशी खात्री नव्हती, पण अक्षर काढून देतील असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "छान लिहिलंय. पाच मुद्दे आहेत."

"हो, पाचच ठेवले. जास्त नको."

"आणि सहावा?"

"सहावा कुठला?"

"ज्याच्यामुळे वेगळं व्हायचंय तो."

मी म्हटलं, टिपणीस, तुम्ही उगाच विषय वाढवताय, प्रॅक्टिकल अडचणी आहेत, फॅमिलीवाल्यांचं तुम्हांला नाही कळायचं. हे शेवटचं वाक्य फार वाईट होतं, कारण त्यांना मूलबाळ नव्हतं. ते माझ्या तोंडून गेलं आणि सुमनवहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. टिपणीस मात्र रागावले नाहीत. पत्राची घडी नीट करत म्हणाले, "भागवत, ती राज्यं चूक होती. पण त्यांनी निदान कारण लिहिलं होतं. तुम्ही तेवढंही करत नाही." मग म्हणाले, "मी अक्षर काढून देतो, खरंच देतो. सहावा मुद्दा तेवढा लिहून आणा." मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि जिना उतरलो. पत्र शेवटी नीलाच्या एका मैत्रिणीने लिहून दिलं, दोन ठिकाणी खाडाखोड करून. नीला त्या रात्री एवढंच म्हणाली, की ते काही चुकीचं बोलले नाहीत. मी तिच्याशीही दोन दिवस नीट बोललो नाही.

त्यानंतरही आम्ही काही शुक्रवार गेलो. टिपणीसांनी पत्राचा विषय पुन्हा काढला नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, एसी घरघरत होता, आणि युद्धही जुलैतच येऊन पोचलं होतं. उत्तरेत गेटिसबर्गच्या टेकड्यांवर दक्षिणेचं सैन्य मागे हटत होतं, आणि त्याच वेळी पश्चिमेला मिसिसिपीच्या काठी व्हिक्सबर्ग पडत होतं. एकाच पट्टीवर त्यांनी ते एकदम दाखवलं. केतकीने विचारलं, "सो इज इट ओव्हर?" ते म्हणाले, "हरले आहेत, पण अजून कबूल करायचे आहेत. त्याला आणखी दोन वर्षं लागणार, आणि सगळ्यात जास्त माणसं आता मरणार." त्या वेळी ते केतकीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. पुढे नव्या मंडळाच्या बैठका शुक्रवारीच पडू लागल्या आणि आमचं युद्ध तिथेच थांबलं.

जानेवारीत आमच्या नव्या मंडळाची पहिली संक्रांत एका सभासदाच्या व्हिलाच्या बागेत होती. जेवणाचं काय, असा प्रश्न आला आणि सगळ्यांच्या माना सेक्रेटरीकडे वळल्या. हॉटेलचं नको, आपलं पिठलं-भाकरी हवं. मी बाळूंना कॅम्पवर फोन केला. लाज वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. मी उलट मोठेपणाने म्हटलं, "बाळू, तुमच्याशिवाय भाकऱ्या कोण करणार?" बाळू म्हणाले, "येतो की साहेब." पाच जण आले. नेहमीसारखं सगळं केलं. आणि पंगत बसायच्या आधी मी त्यांच्यासाठी फॉइलमध्ये बांधून घेतलेली पार्सलं त्यांच्या हातात दिली. वर तिळाच्या वड्या, त्याही जास्तच. "ट्रॅफिक लागेल, आता निघा, कॅम्पवर निवांत जेवा," असं म्हणालो. मला वाटत होतं मी फार नाजूकपणे सांभाळलं. कोणाला जा म्हणावं लागलं नाही, कोणाला बस म्हणावं लागलं नाही.

टिपणीसांना मी बोलावलं होतं, ते सभासद नसताना. माझी आशा अशी, की एकदा आले, जेवले, की झालं गेलं मिटेल. ते ताट घेऊन उभे होते. त्यांनी फाटकाबाहेर बघितलं. बाळू आणि चौघं फूटपाथवर पिकअपची वाट बघत बसले होते, मांडीवर पार्सलं. टिपणीसांनी ताट माझ्या शेजारच्या टेबलावर ठेवलं, भाकरी न मोडलेली. बाहेर गेले आणि बाळूंच्या शेजारी फूटपाथवर बसले. बाळूंनी एक पार्सल सोडून त्यांच्यापुढे धरलं, आणि ते जेवायला लागले. आत उखाणे सुरू झाले होते. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी वर बघितलं, आणि मला काहीतरी बोलायला वेळ दिला, चांगला मिनिटभर. मी म्हटलं, "आत या ना, ऊन आहे." एवढंच सुचलं मला. पिकअप आली, तिच्यातून ते त्या पाच जणांबरोबर गेले. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "भागवत, पुढचं युद्ध आता कॅम्पच्या मेसमध्ये सांगणार आहे. दहाचीच वेळ. केतकीला घेऊन या." मी बघतो म्हटलं. गेलो नाही. केतकी काही महिने विचारत राहिली, "आर वी नॉट गोइंग टू टिपणीस अंकल्स?" मग तिने विचारणं सोडलं. मुलं सोडून देतात, पण विसरत नाहीत, हे मला पुढे कळलं.

आमचं मंडळ दोन वर्षांत पुन्हा फुटलं. कारण काय, तर दोन हौशी नाटकांपैकी कुठलं बसवायचं. टिपणीसांनी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं, की देशातून फुटलेल्या एका राज्यातून त्याचेच पश्चिमेकडचे डोंगराळ जिल्हे फुटून निघाले होते. हे त्यांना सांगितलं असतं तर ते मांडीवर थाप मारून हसले असते. फोनच्या डायरीत त्यांचा नंबर होता. पण तेवढ्यासाठी कसा फोन करायचा, असं वाटलं, आणि मग रास अल खैमातली नोकरी आली. तिथून रोल्ला दीड तासावर. लोक मासे आणायला यापेक्षा लांब जातात.

मधल्या काळात ते मला एकदाच भेटले, रोल्लातल्या भाजीवाल्याकडे. केस पूर्ण पांढरे झाले होते. ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, शाईचे डाग गेले, असं म्हणाले आणि रिकामा खिसा दाखवला. केतकीची चौकशी केली. मी घाईत असल्यासारखा उभा होतो, घाई काहीच नव्हती. निघताना म्हणाले, "भागवत, कागद तयार आहे. सवडीने येऊन जा." कसला कागद, असं मी विचारायला हवं होतं. मला वाटलं एखादा नकाशा असेल. किंवा खरं सांगायचं तर मला अंधुक कळलं होतं, म्हणूनच विचारलं नाही. "हो हो, इन्शाल्ला," म्हणालो. आखातात नाही म्हणायची ही सगळ्यात सभ्य रीत आहे, आणि ती त्यांनाही माहीत होती.

बाळूंचा फोन आल्यावरच्या शुक्रवारी मी आणि नीला रोल्लाला गेलो. सुमनवहिनी सामान बांधत होत्या, महिन्याअखेर त्या कायमच्या भारतात परतणार होत्या. बाळू खोक्यांना दोरी आवळत होते. टिपणीस ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. खांदा द्यायला कॅम्पवरची माणसं होती. वहिनींनी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि सवयीने पोहे करायला उठल्या. दहा वाजले होते. मी आणि बाळू समोरासमोर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, युद्ध पुरं झालं का?

"तर. मेसमध्ये दोनदा झालं. नवीन पोरं आली की पुन्हा पहिल्यापासून." बाळूंनी दोरी खाली ठेवली. "तुमचं कुठवर आलं होतं साहेब?"

"व्हिक्सबर्ग."

"मग पुष्कळ राहिलं की." आणि बाळूंनी मला पुढचं सांगितलं. ग्रंथातली नावं त्यांनाही येत नव्हती, पण रस्ते सगळे येत होते. अटलांटा कसं पडलं, सैन्य समुद्रापर्यंत कसं चालत गेलं, त्याच्या मागोमाग मोकळी झालेली माणसं, बायका, कडेवर पोरं घेऊन कशी निघाली. "शेवटी दक्षिणवाल्यांचा मोठा साहेब शरण आला ना, तेव्हा त्याची माणसं उपाशी होती. उत्तरवाल्यांनी काय केलं? आधी त्यांना शिधा दिला. जेवा म्हणाले." बाळूंनी दोरी पुन्हा हातात घेतली. "हे टिपणीससाहेब दर वेळी दोनदा सांगायचे. आणि टेक्सासमध्ये गुलामांना आपण सुटलोय ते कळलंच नव्हतं, अडीच वर्षं. साहेब म्हणायचे, सांगायला जायचं होतं ज्यांना, ते गेलेच नाहीत."

मी विचारलं, आमच्या मंडळाबद्दल ते कधी काही बोलायचे का? बाळू जरा हसले. "आम्ही विचारलं होतं एकदा, भागवतसाहेब का येत नाहीत, वेगळं मंडळ कशापायी काढलं. तर म्हणाले, दुबई लांब पडते रे, पार्किंग मिळत नाही. तेवढं एकच खोटं बोलले ते आमच्याशी... आम्हांला काय माहीत नव्हतं होय साहेब? पार्सल हातात दिलं त्याच दिवशी कळलं. पण ते बोलत होते म्हणून आम्ही ऐकून घेतलं." मला कारण लिहायला लावणारा माणूस, त्या लोकांचं मन दुखू नये आणि माझं नाव जाऊ नये म्हणून माझेच मुद्दे पुढे करत राहिला होता. मला त्या क्षणी रडू आलं, आणि बाळूंसमोर आलं याची लाजही वाटली नाही. वहिनींनी पोह्यांच्या बशा आणून दोघांच्या पुढे ठेवल्या. आम्ही दोघं शेजारी बसून खाल्ले. दहा वर्षांच्या ओळखीत ती पहिलीच वेळ.

निघताना वहिनींनी नकाशांची गुंडाळी माझ्या हातात दिली. "ही तुमच्यासाठी म्हणून ठेवलेली. केतकीला द्या म्हणायचे." केतकी आता परदेशात शिकते. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव टेकन मी." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

गुंडाळी घरी येऊन उघडली. सगळे महिने होते, एकावर एक, शेवटच्या एप्रिलपर्यंत. आणि सगळ्यात आत, एक वेगळा ट्रेसिंग पेपर. त्याच्यावर माझं पत्र होतं. माझं वेगळं होण्याचं पत्र, दोनदा वाचलेलं त्यांनी जसंच्या तसं लक्षात ठेवलेलं, काळ्या शाईत, त्या देखण्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. पाचही मुद्दे. त्याखाली 'सहा' हा आकडा, पुढे टिंब, आणि पेन्सिलीच्या बारीक समांतर रेघा मारून मोकळ्या सोडलेल्या दोन ओळी. त्यांनी त्यांचं काम पुरं करून ठेवलं होतं. कागद तयार होता.

कारखान्याच्या क्वार्टरमधल्या टेबलावर तो कागद गेले काही आठवडे पसरलेला आहे, कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवून. मी रोज त्याच्यासमोर बसतो. काल शुक्रवार होता. दहा वाजता शाईचं पेन घेतलं आणि त्या रेघांमध्ये, माझ्या गिचमिड अक्षरात, लिहिलं: आमच्या भाकऱ्या भाजणारी माणसं आमच्या शेजारी जेवायला बसलेली आम्हांला नको होती. मला वाटलं होतं मजकूर फार मोठा होईल. तो त्यांनी सोडलेल्या दोन ओळींत बरोबर मावला.